पुसून दिलेला मेलबॉक्स

महापालिकेच्या त्या कार्यालयात वस्तीच्या कामांसाठी मी जितकी भांडले, तितकी घरी नवऱ्याशीही भांडले नसेन. आणि नवऱ्याला विचारलंत तर तो म्हणेल, मग ते कार्यालय अजून उभं कसं आहे? वरच्या मजल्यांवर मला लांबून पाहिलं की लोक रिकामा फोन कानाला लावायचे. पण तळघरात उतरून रेकॉर्ड रूमचं जाळीचं दार ढकललं, की माझाच आवाज खाली यायचा. कारण तिथे माझ्याहून वरच्या पट्टीतली बाई बसलेली असायची.

तिला सगळे रेकॉर्डबाई म्हणत, शिपायापासून मोठ्या साहेबापर्यंत. उंच, रुंद खांद्यांची, तळघराच्या गारव्यामुळे बारा महिने करडा स्वेटर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला की समजायचं, समोरच्याची आता धडगत नाही. शहराचे सगळे रस्ते, गटारं, पूल, भिंती तिच्या लोखंडी रॅकवर दोरीनं बांधून पडलेले होते. कागद तिला सापडायचा, पण मर्जीनं. आवडत्या माणसाला फाइल चहा थंड व्हायच्या आत, नावडत्याला “उद्या या.” मी कितीतरी महिने त्या उद्यात राहत होते. मग एकदा तिच्या भिंतीतून पाणी झिरपत होतं, फायलींना बुरशी लागत होती आणि वर कुणी ऐकत नव्हतं. मी ती ओली फाइल नेऊन साहेबाच्या टेबलावरच्या काचेवर आपटली. पाइप दुरुस्त झाला. तेव्हापासून मी “अहो बाई” ची “ये गं भांडकुदळे” झाले.

या बाईनं त्या कार्यालयाला एक सवय लावली होती. कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, की शेवटच्या दिवशी ती स्वतः वर जायची. त्या माणसाच्या टेबलातले, कपाटातले सगळे कागद मोजून ताब्यात घ्यायची, खाली पाठवायची, आणि मग एक फडकं त्याच्या हातात द्यायची. त्यानं आपलं कपाट आपल्या हातानं पुसायचं. शिपायानं नाही, त्यानंच. पुढच्या माणसाला मोकळं, स्वच्छ कपाट मिळालं पाहिजे. मोठमोठे साहेब बाह्या सरसावून फळ्या पुसताना मी पाहिलेत. नवी पोरं हसायची, आणि आपली वेळ आली की निमूट पुसायची. कपाट न पुसता गेलेल्या माणसाबद्दल लोक असं बोलायचे, जणू तो कुणाचं ताट लाथाडून गेला.

मग मेल आला.

म्हणजे एका दिवसात नाही आला. आधी साहेबांच्या केबिनमध्ये, मग इंजिनिअरांकडे, मग सगळ्यांकडे. वरच्या हॉलमध्ये शिकवणी ठेवली, सगळ्या विभागांना बोलावलं, फक्त रेकॉर्ड रूम यादीत नव्हती. कागदवाल्यांना मेलशी काय करायचंय! बाईला ते फार लागलं. ती कुणाला विचारायला गेली नाही. लोकांच्या पाठीमागे उभी राहून, काहीतरी दुसरंच काम असल्यासारखं करून ती पडद्यांकडे बघायची.

पूर्वी कागद आला की त्याला एक आवक नंबर, एक फाइल, एक जागा. आता एका खड्ड्याबद्दलचा मेल दहाबारा जणांना जायचा आणि प्रत्येकाला वाटायचं, दुसऱ्यानं ठेवला असेल. कुणीही नवा विषय लिहायचे कष्ट घेत नसे. शेवटचा आलेला मेल उघडायचा, त्यालाच उत्तर द्यायचं. एका नाल्याच्या भिंतीचा निर्णय ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ या विषयाखाली झालेला मी माझ्या डोळ्यांनी वाचलाय. अर्धा कारभार लोकांच्या खासगी पत्त्यांवरून चालायचा, कारण तो मोबाइलवर पटकन उघडायचा. आणि बॉक्स भरला की पडद्यावर लाल पट्टी यायची, जागा संपली. मग जे जड ते आधी उडवायचं. म्हणजे काय? नकाशे, फोटो, मोजमापं. शुभेच्छा हलक्या, त्या राहिल्या.

आता पुलाचं सांगते.

आमच्या वस्तीच्या आणि बाजाराच्या मधे नाला आहे, त्यावर पायी जायचा पूल होता. एका सकाळी त्याची मधली स्लॅब गेली. आमच्याकडची शिवणवाली कापडाचं गाठोडं घेऊन नेमकी तिथेच होती. जीव वाचला, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पाय जुळला नाही. ती अजून मशीनसमोर बसते, पेडलवर पाय ठेवते आणि नुसती बसून राहते. मला तिच्याकडे बघवत नाही, म्हणून मी कार्यालयात जाते.

कार्यालयानं पत्रक काढलं: पुलाची पाहणी त्या भागाच्या तेव्हाच्या कनिष्ठ इंजिनिअरकडे होती, तिनं धोक्याची सूचना वर दिली नाही, तिला बडतर्फीची नोटीस दिली आहे. झालं. एक पोरगी पकडली, हात झटकले. माझा त्यावर विश्वास नव्हता. ती पोरगी मला आवडली होती म्हणून नाही, मी तिला ओळखतही नव्हते. पण त्या इमारतीत कुठली गोष्ट एका माणसामुळे बिघडलेली मी आजवर पाहिली नव्हती. मी अर्ज टाकला: पुलाविषयीचे आलेले-गेलेले सगळे मेल द्या. उत्तर आलं: असा कोणताही मेल कार्यालयाच्या अभिलेखात आढळत नाही.

तो कागद मुठीत चुरगाळून मी जिना चढत होते, आणि ती पोरगी पायरीवर बसली होती. ओढणीनं कधी चष्मा, कधी डोळे पुसत.

“तुम्हीच ना त्या पुलवाल्या?” ती म्हणाली.

“आणि तूच ना ती, झोपलेली?”

“झोपले नव्हते मी.” ती ताडकन उभी राहिली. मला बरं वाटलं, हिच्यात अजून धुगधुगी आहे. “मी मेल केला होता मोठ्या साहेबांना. तड्यांचे फोटो लावून. पूल बंद करा असं स्पष्ट लिहिलं होतं.”

“मग दाखव की. इथे बसून डोळे कसले पुसतेस?”

“नाहीये आता.”

“नाहीये म्हणजे? मांजरानं खाल्ला?”

“माझी बदली झाली ना दुसऱ्या विभागात. तेव्हा त्या जागेचा बॉक्स रिकामा करून दिला. पत्ता त्या जागेचा असतो, माझा नसतो.”

“कुणी सांगितलं होतं रिकामा करायला?”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला विचारत होते, अंघोळ करायला कुणी सांगितलं होतं. “सांगायला कशाला लागतं? इथे सगळे करतातच. पुढच्याला स्वच्छ द्यायचं.”

“आणि साहेबांकडे गेलेला?”

“ते साहेब निवृत्त झाले. त्यांनीही रिकामा करून दिला असेल. फोन केला होता मी त्यांना. मुलाकडे आहेत लांब. म्हणाले, बाळ, दिवसाला इतके यायचे, कुठला आठवणार?”

मी तशीच कॉम्प्युटरवाल्याकडे गेले. त्याच्या खोलीत इतकी थंडी, की तिथे नुसतं भांडायलाही शाल लागेल.

“बॅकअप असतो,” तो म्हणाला, “पण काही काळच. जुन्यावर नवं चढतं. तुमचा मेल कधीच पुसला गेला.”

“आणि काय ठेवायचं, काय पुसायचं, हे ठरवतं कोण?”

“ते रेकॉर्डचं काम, ताई. माझं काम तारांचं.”

“रेकॉर्डवाले काय म्हणतात?”

“ते म्हणतात, मेल म्हणजे कॉम्प्युटरचं काम.” तो हसला. “बसतोय आम्ही एकदा चर्चेला. केव्हाचे बसतोय.”

मी तळघरात उतरले. बाई त्या दिवशी वेगळीच दिसत होती. स्वेटर नवा, केस नीट बांधलेले. मला पाहताच तिनं खुर्ची पुढे ओढली, हे तिनं याआधी कधी केलं नव्हतं.

“ये, ये. बघ काय आलंय.” एक मसुदा तिनं माझ्यासमोर सरकवला. कार्यालयात नवा डिजिटल अभिलेख कक्ष निघणार होता, तिसऱ्या मजल्यावर. प्रमुख म्हणून तिचं पद लिहिलेलं. “खिडकी आहे त्या खोलीला. दोन्ही बाजूंनी. माझं सगळं आयुष्य या बल्बखाली गेलं, भांडकुदळे. बाहेर ऊन आहे की आभाळ, हे मला लोकांच्या कपड्यांवरून कळतं.”

मी अभिनंदन केलं आणि मनापासून केलं. मग पुलाचं विचारलं.

तिचा हात मसुद्यावरून उठला आणि शेजारच्या दुसऱ्या कागदावर गेला. तोही माझ्या नजरेतून सुटला नव्हता. त्या पोरीच्या चौकशीसाठीचा दाखला होता: सदर मेल प्राप्त झाल्याची अभिलेखात नोंद नाही. खाली सहीची जागा रिकामी.

“यावर सही केलीत, तर ती पोरगी खोटारडी ठरते,” मी म्हटलं. “नोकरी जाईल तिची. माहितेय ना?”

“नोंद नाही, हे तर खरंच आहे.”

“का नाही, ते सांगा.”

“मला काय विचारतेस? मी कागद सांभाळते.” ती उठली. एक गठ्ठा या रॅकवरून त्या रॅकवर ठेवला, पुन्हा उचलून परत आणला. दोरी सोडली, बांधली. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला होता, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. “कामं पडलीत मला. उद्या या.”

या. ‘ये’ नाही, ‘या’. मी पायऱ्या चढून वर आले, आणि रस्त्यावर येईपर्यंत माझे कान तापलेले होते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. बोलावलं नव्हतं, पण मला बोलावणं लागत नाही. एका लाँड्रीच्या वर दोन खोल्या, जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा वास. दार तिच्या नणंदेनं उघडलं. ती यांच्याकडेच राहते, आणि जिभेला हाड नाही हे तिला स्वतःलाही मान्य आहे.

“आलात? बरं झालं,” ती म्हणाली. “वहिनीनं घरातली सगळी कपाटं उपसलीत. माझं सुद्धा. घड्या घालते, मोडते, परत घालते. माझे कपडे मलाच मागून घ्यावे लागतात. अर्ज करू का वहिनी, सही करून?”

बाईचे यजमान जेवणाच्या टेबलावर लोकांचे मिक्सर दुरुस्त करत बसले होते. समोर बशांमधून स्क्रू. “हे पण तिनंच लावले, आकारानं,” ते बशांकडे बोट दाखवत म्हणाले. “आधी सगळे एका डब्यात होते, हात घातला की सापडायचा. आता एक सापडेल तर शपथ.”

बाई पलंगावर कपड्यांच्या ढिगात बसली होती. मला पाहून ती रागावली नाही, याचंच मला नवल वाटलं.

“बस,” ती म्हणाली. “तू येणार हे माहीत होतं. तुला दुसरा धंदा काय.”

मग तिनं सांगितलं. कुणी काही विचारायच्या आधीच, एखादी खूप दिवस दुखणारी दाढ एकदाची उपटून टाकावी तसं.

मेल नवा होता तेव्हाची गोष्ट. त्या वेळचे एक साहेब बदलून चालले होते. कागद खाली पाठवून झाले, कपाट पुसून झालं, आणि फडकं परत देता देता त्यांनी सहज विचारलं, “बाई, हे मेलबॉक्सचं काय करायचं? हाही रिकामा करून द्यायचा का?” आजूबाजूला चारचौघं उभे होते, तेच, शिकवणीला जाऊन आलेले. “मला काहीही माहीत नव्हतं गं,” बाई म्हणाली. “पण ‘माहीत नाही’ असं त्या चौघांसमोर म्हणायचं? मी? मी म्हटलं, अर्थातच! पुढच्या माणसाला मोकळं मिळालं पाहिजे. साहेबांनी सगळे निवडले, एक बटण दाबलं. सगळं पांढरं. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू. कपाटाला अर्धा तास लागतो.”

“आणि आधी खाली पाठवायचं असतं, ते?”

“तेच तर. कागद आधी माझ्याकडे यायचे, मग पुसायचं. मेलचं पुसणंच तेवढं राहिलं. माझ्याकडे काही येतच नव्हतं, आणि येत नाही हे माझ्या लक्षात येईपर्यंत सगळ्यांना सवय लागली होती. नंतर कुठल्या तोंडानं सांगू, की थांबा, मी चुकीचं सांगितलं होतं?”

नणंद दारात उभी राहून ऐकत होती.

“पण एवढंच नाही,” बाई म्हणाली. हातातल्या उशीच्या अभ्र्याची तिनं घडी घातली, उलगडली. “त्या पोरीची बदली झाली, तेव्हा मी तिच्या मागे उभी होते. मीच. ती एकेक पान निवडत होती. पडद्यावर फोटो गेले, सिमेंटला तडे गेलेले. मी विचारलं, हे कसले गं? म्हणाली, पुलाचे, बाई. मोठ्या साहेबांना पाठवलेत, उत्तर नाही आलं अजून. मी म्हटलं, पाठवलेस ना? मग तुझं काम झालं. पूस आता.”

यजमानांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

“म्हणजे तुम्ही पाहिलाय तो मेल,” मी म्हटलं. माझा आवाज चढत होता, मला आवरता येईना. “तुम्ही पाहिलाय, आणि त्या दाखल्याशेजारी खिडकीचा कागद घेऊन बसलाय!”

“ओरडू नकोस. खाली लाँड्रीत गिऱ्हाइकं असतात.” मग ती म्हणाली, “दाखला आला तेव्हा माझा पहिला विचार त्या पोरीचा नव्हता. खिडकीचा होता. तुला खोटं सांगून काय उपयोग.”

“खिडकी म्हणे!” नणंदेला आता राहवेना. “तिसऱ्या मजल्यावरून दिसणार काय? नालाच ना? बघत बसाल रोज, पूल कुठून पडला ते.”

“अगं, तू जरा...” यजमान म्हणाले.

“मी काय जरा? मी तेवढं बोलते, तुम्ही तेवढंही बोलत नाही.”

“मग लिहून द्या,” मी म्हटलं. “जसं झालं तसं.”

“लिहून द्यायचं म्हणजे काय द्यायचं, कळतंय का तुला? नोकरीला काही होणार नाही माझ्या. पण आजवर लोक म्हणतात, कागद हवा तर रेकॉर्डबाई. उद्या म्हणतील, शहराचे सगळे कागद घालवले ते हिनंच. आणि चूक नसेल ते म्हणणं.” ती माझ्याकडे बघत राहिली. “तुझ्याजवळ असं काय आहे, जे तू उद्या उठून देऊन टाकशील?”

मी उठून चपला घातल्या. जिना उतरताना नणंद मागून आली आणि हळूच म्हणाली, “वहिनी करेल. पण तुम्ही परत येऊ नका. कुणी ढकललं, की ती रुतून बसते.”

न जाणं म्हणजे माझ्यासाठी शिक्षाच. मी वस्तीत फिरत राहिले, शिवणवालीशी उगाच वाद घातला, नवऱ्यावर भाजीत मीठ नाही म्हणून ओरडले, आणि भाजी मीच केली होती.

चौकशी पहिल्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होती. मेल मागणारा अर्ज फेटाळल्यावर मी अपील केलेलं, म्हणून मला एक खुर्ची. चौकशी अधिकारी बाहेरून आलेला, म्हातारा, नाक चोंदलेला. दर वाक्यानंतर रुमाल. एका बाजूला सध्याचे मोठे साहेब, गुळगुळीत दाढी, हातातल्या पेनचं टोपण काढ-घाल. ती इंजिनिअर पोरगी दाराजवळ, शिक्षा झालेल्या मुलीसारखी अंग चोरून.

बाईनं दाखला वाचला. “सदर मेल प्राप्त झाल्याची अभिलेखात नोंद नाही.”

“बरोबर आहे ना?” अधिकारी म्हणाला. “सही करा.”

“बरोबर आहे,” बाई म्हणाली. “पण हे अर्धंच आहे. नोंद नाही ती फक्त याच मेलची नाही, साहेब. त्या वर्षीचा एकही मेल नाही. तुम्ही मागून बघा. गटाराचा मागा, पाण्याचा मागा, तुम्हाला या चौकशीला बोलावल्याचा सोडून कुठलाही मागा.”

हॉलमध्ये कुणीतरी खुसकन हसलं.

“म्हणजे काय?” अधिकाऱ्यानं रुमाल खाली घेतला.

“म्हणजे आमच्याकडे माणूस गेला की मेलबॉक्स पुसून देतात. कुणी लपवायला नाही, रीत म्हणून. आणि ती रीत मी लावली. नाही म्हणून सांगणारा दाखला तेव्हा खरा, जेव्हा असलेलं सांभाळलेलं असतं. रिकाम्या घरात एखादी वस्तू नाही म्हणून ती कधी नव्हतीच असं कसं म्हणणार?”

“बाई, तुम्ही काय बोलताय, कळतंय का?” मोठे साहेब पांढरे पडले होते. “हे रेकॉर्डवर जाईल!”

“जाऊ दे की. काहीतरी तर जाऊ दे रेकॉर्डवर.”

अधिकारी साहेबांकडे वळला. “तुम्ही या खुर्चीवर आलात तेव्हा मेलबॉक्स कसा मिळाला?”

साहेबांनी टोपण घातलं, काढलं. “रिकामा,” ते म्हणाले. मग थोडं थांबून, खालच्या आवाजात, “मी आधीच्या साहेबांना फोन करून आभारही मानले होते.”



“आणखी एक लिहून घ्या,” बाई म्हणाली. तिचा हात टेबलाच्या कडेला घट्ट होता. “या मुलीनं बॉक्स रिकामा केला, तेव्हा मी मागे उभी होते. पुलाचे फोटो मी पाहिले. वर पाठवलेत, असं ती तेव्हाच म्हणाली होती. तेव्हा पूल उभा होता, तिला खोटं बोलायचं कारण नव्हतं. पूस, असं मी सांगितलं.”

मी पोरीकडे पाहिलं. मला वाटलं होतं तिचा चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही. ती बाईकडे टक लावून बघत होती, आणि तिचे ओठ हळूहळू मिटत गेले.

नोटीस मागे घेतली गेली. सूचना गेल्यावर वरच्यांनी काय केलं, याची चौकशी करा, असा शेरा अधिकारी मारून गेला. ती चौकशी अजून कुठल्याशा मेलमध्ये आहे म्हणतात. कार्यालयानं एक आदेश काढला: यापुढे कुणीही, काहीही, कधीही पुसायचं नाही. आता शुभेच्छा, जाहिराती, लग्नाच्या पत्रिका, सगळं जपून ठेवलेलं आहे आणि त्यात काही सापडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या कक्षाला बाहेरून एक तरुण माणूस आणला. त्याला खिडकीतून ऊन फार येतं म्हणून त्यानं पहिल्याच आठवड्यात पडदे लावून घेतले. बाई तळघरातच राहिली. कॅन्टीनमध्ये ती आली की काही टेबलांवरचं बोलणं थांबायला लागलं. ती ताट घेऊन खालीच जेवायची.

आणि आमचा पूल अजून पडलेलाच आहे, म्हणून मी अजून जाते. अशीच एकदा गेले होते, बाईशी जोरजोरात काहीतरी वाद चालला होता, आणि जाळीचं दार उघडून ती पोरगी आत आली. बसली नाही.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं,” ती म्हणाली.

“हो,” बाई म्हणाली.

“मला नोटीस आली तेव्हा?”

“हो.”

“मी जिन्यात बसले होते, तेव्हा तुम्ही माझ्या शेजारून गेलात. हातात फाइल होती.”

बाईनं टेबलावरची एक फाइल पुढे ओढली.

“तुम्ही मागून पाहिलंत, हे मला आठवतसुद्धा नव्हतं. मला फक्त मेल पाठवलेला आठवत होता. घरी गेले की आई विचारायची, खरंच पाठवला होतास का गं? रोज. रागावून नाही, हळूच. आणि मी रोज हो म्हणायचे. मग एक दिवस मी तिला म्हटलं, नसेल पाठवला, आई. मला नक्की आठवत नाही. मला खरंच तसं वाटायला लागलं होतं.” तिनं चष्मा काढला आणि पुन्हा लावला. “एवढंच सांगायचं होतं.”

ती गेली. दार थोडा वेळ हलत राहिलं.

मी काहीतरी बोलणार होते, की शेवटी तुमच्यामुळेच वाचली ना ती, वगैरे. बाईचा चेहरा पाहून बोलले नाही. ती तीच फाइल उघडून बसली होती, आणि पान उलटत नव्हती.

“आईला कुणी सांगितलं असेल का गं?” ती एकदम म्हणाली.

“काय?”

“की पाठवला होता म्हणून. कुणी बाहेरच्यानं. पोरीनं सांगून काय उपयोग, ती तर आधीच नाही म्हणून बसलीय.”

“निकाल आला की कळलंच असेल.”

“निकालात तसं कुठाय? निकालात लिहिलंय, पुरेसा पुरावा नसल्यामुळे नोटीस मागे.” ती उठली. स्वेटर काढून खुर्चीवर टाकला. भर कामाच्या वेळी तिला तळघराचं कुलूप लावताना मी तोपर्यंत कधी पाहिलं नव्हतं.

“घर माहितेय का?”

“विचारत जाईन. तू येतेस का, की इथेच बडबडत बसतेस?”

मी गेले. वाटभर ती इतक्या झपाझप चालत होती, की मोर्च्यात सगळ्यांच्या पुढे असणाऱ्या मलाही धाप लागली. रस्ता दोनदा चुकला. शेवटी एका किराणा दुकानदारानं जिना दाखवला.

दार आईनंच उघडलं. हात ओले होते, ते ती कमरेला पुसत होती.

“कोण पाहिजे?”

“मी रेकॉर्ड रूममधली,” बाई म्हणाली. “तुमच्या मुलीनं तो मेल पाठवला होता. मी पाहिलाय. माझ्या डोळ्यांनी.”

आई तिच्याकडे बघत राहिली. माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

“मग इतके दिवस कुठे होतात?” ती म्हणाली, आणि आत निघून गेली. आत या म्हणाली नाही. दारही लावलं नाही.